सातारच्या महाराजांची न झालेली सही

काशीत दशाश्वमेधावरून दक्षिणेकडे निघाले की शीतला घाट, अहिल्याबाई घाट आणि त्यानंतर मुन्शी घाट लागतो. शेजारच्या दरभंगा घाटावरची उंच दगडी हवेली पाहण्यात माणूस इतका गुंततो की मुन्शी कोण, हे विचारायचे राहून जाते. हे मुन्शी म्हणजे नागपूर दरबाराचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी. उलट उत्तरेकडे चालत गेले तर शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट आणि पुढे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट ही जुनी मराठी वस्ती. मराठी सरदार-दरकदारांनी काशीत पैसा ओतला तो पुण्यासाठी, आणि थोडा नावासाठीही.

१८१८ नंतर मात्र काही मराठी माणसे काशीला पोहोचली ती पहाऱ्यात. पेशवाई बुडाल्यावर बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला, त्याचा भाऊ चिमाजीअप्पा काशीला. चिमाजीअप्पांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मनकर्णिका तिथेच जन्मली, हे आपल्याला झाशीमुळे ठाऊक असते. १८३४ साली कूर्गचा राजा चिक्क वीरराजेंद्र गादीवरून उतरवला गेला, त्यालाही काशीच दाखवली. कंपनी सरकारच्या दृष्टीने ही जागा सोयीची होती. राजा आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर, इंग्रजी छावणी हाकेच्या अंतरावर, आणि लोकांना सांगायला ‘तीर्थवास’ हा भला शब्द तयार.

या काशीवासींपैकी एकाने आपल्या हद्दपारीविरुद्ध जेवढे कागद निर्माण केले, तेवढे त्या काळातल्या फार थोड्या हिंदी संस्थानिकांनी केले असतील. ते म्हणजे सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज. ब्रिटिश पार्लमेंटने छापलेले सातारा प्रकरणाचे कागद, लंडनच्या इंडिया हाउसमधल्या भागधारकांच्या सभांचे वृत्तांत, कॉमन्स सभेतील चर्चा, महाराजांची रोजनिशी, त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये छापलेली पत्रके, आणि या सगळ्यावर १९४८ साली प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’. एवढे साहित्य असताना ही कहाणी आपल्याकडे बहुधा विश्वासघाताची कहाणी म्हणून सांगितली जाते. इंग्रजांना मिळालेला बाळाजीपंत नातू हा खलनायक, रंगो बापूजी हा नायक, संपले. कागद वाचताना मला त्याहून वेगळी गोष्ट खटकत राहते. महाराजांना माफी मिळत होती. गादीसकट मिळत होती. एका सहीवर.

तो कागद आधी पाहू.

ऑगस्ट १८३९च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट-कर्नाक साताऱ्याला आले. मुंबईतले कर्नाक बंदर ज्यांच्या नावाचे, तेच हे. गव्हर्नर होण्याआधी ते लंडनला कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते, तेव्हा वरचा कल त्यांना पक्का ठाऊक. त्यांनी महाराजांपुढे ठेवलेल्या अटी वरकरणी सौम्य होत्या. १८१९च्या तहातील कलमे, विशेषतः दुसरे आणि पाचवे, इमानाने पाळावीत. धाकटे बंधू अप्पासाहेब यांची नेमणूक आणि मालमत्ता त्यांना द्यावी, हवे तिथे राहू द्यावे. बळवंतराव चिटणिसांना कारभारातून दूर करावे. ज्यांना इंग्रजांनी अभय दिले आहे त्यांना त्रास देऊ नये. हे मान्य केले की मागचे सारे माफ.

मेख होती प्रस्तावनेत. तिचा आशय असा, की वाईट सल्लागारांच्या नादी लागून महाराजांनी तहाचा भंग केला, सरकारविरुद्ध व्यवहार केले, त्याची चौकशी झाली, आणि आता सरकार उदारपणे ते विसरायला तयार आहे. अटींवर बोलणे होऊ शकत होते. प्रस्तावनेवर सही म्हणजे गुन्ह्याचा कबुलीजबाब. महाराजांनी तीन वर्षे एकच मागणी लावून धरली होती: आरोप लेखी द्या, साक्षीपुरावे दाखवा, माझे म्हणणे ऐका. तो पुरावा डोळ्यांनी न पाहता तो खरा आहे असे लिहून द्यायचे होते. त्यांनी सही केली नाही.

यात कंपनीने काही नवे केले असे नाही. हद्दपारी आणि माफी यांचा सौदा जुना आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने १६३७ साली जॉन व्हीलराइट या धर्मोपदेशकाला राज्याची शांतता बिघडवल्याबद्दल हाकलले. सहासात वर्षांनी त्याने गव्हर्नर विन्थ्रॉपला पत्रे लिहून आपल्या भाषेचा अतिरेक झाल्याचे कबूल केले, आणि १६४४ मध्ये हद्दपारी उठली. राज्यकर्त्याला माणूस परत घ्यायला अडचण नसते. आपण त्याला काढले ते बरोबरच होते, एवढे त्याच्या हातचे लिहून हवे असते. व्हीलराइटने दिले. प्रतापसिंहांनी दिले नाही, आणि म्हणून पुढची आठ वर्षे काशीत गेली.

आता आरोपांकडे. आष्टीच्या लढाईनंतर, १८१८ साली इंग्रजांनीच प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. २५ सप्टेंबर १८१९चा तह झाला. १८२२ पासून पूर्ण कारभार त्यांच्या हाती आला. पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट, म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. त्याच्यानंतर ब्रिग्ज, मग रॉबर्टसन, मग लॉडविक. महाबळेश्वरला लॉडविक पॉइंटवर उभे राहून फोटो काढणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे येणार आहे. महाबळेश्वरची जागाही १८२९ साली महाराजांनीच कंपनीला दिली, बदल्यात खंडाळा गाव घेऊन. साताऱ्याचे पाणी, रस्ते, शाळा, छापखाना ही कामे त्यांच्या काळातली. १८३५च्या अखेरीस लंडनच्या संचालकांनी त्यांच्या कारभाराची तारीफ करणारे पत्र लिहिले आणि सन्मानाची तलवार मंजूर केली. ते पत्र आणि ती तलवार मुंबई सरकारने अडवून धरली.

कारण तोवर भांडण लागले होते. तहाने साताऱ्याच्या छत्राखाली आलेल्या जहागिरी, म्हणजे भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट वगैरे, यांच्यावर आणि त्यांच्या बेवारस होणाऱ्या गावांवर हक्क कोणाचा? महाराज म्हणत माझा, मुंबई सरकार म्हणे आमचा. लंडनचा निकाल महाराजांकडे झुकत होता. मुंबईला तो अमलात आणायचा नव्हता. हे भांडण बाजूला ठेवून १८३६चा आरोप वाचला तर तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो. शेजारी ठेवून वाचला तर तसा वाटत नाही.

पहिला आरोप असा की साताऱ्यातील २३व्या पलटणीच्या देशी सुभेदारांना महाराजांनी फितवले. मध्यस्थ अंताजी नावाचा ब्राह्मण. ऑक्टोबर १८३६ मध्ये बंद दाराआड चौकशी बसली, तीत रेसिडेंट लॉडविक, सरकारचे सचिव विलोबी आणि कर्नल ओव्हन्स. दुसरा आरोप, गोव्याचे माजी व्हाइसरॉय दॉम मानुएल यांच्याशी संधान. तिसरा, नागपूरचे पदच्युत अप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार. अप्पासाहेब १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटले होते आणि शेवटी जोधपूरच्या आश्रयाला पडून होते. नागपूरच्या मंत्र्याच्या नावाचा घाट काशीत उभा, त्याच नागपूरच्या परागंदा राजाशी बोलल्याच्या आरोपावरून सातारचा राजा काशीला. इतिहास असे योग जुळवतो. त्यात अर्थ शोधू नये, पण नोंद घ्यायला हरकत नाही.

पुराव्याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. दिवाण गोविंदराव यांना पकडून अहमदनगरला कैदेत ठेवले होते. १८३७ साली त्यांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या नावाने एक अर्ज मुंबई सरकारकडे आला. मुलाची सुटका करा, अशी आईची विनवणी. पण तीत महाराजांच्या कारस्थानांची कबुलीही. सरकारला हवे ते नेमके आले. गोविंदरावांचाही जबाब मिळाला, कैदेत. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाचा गृहस्थ पुढे आला आणि म्हणू लागला की तो अर्ज मी लिहिला, त्याचे बक्षीस मला मिळाले पाहिजे! महाराजांच्या पक्षाने लंडनमध्ये हे प्रकरण लावून धरले, आणि अर्जाचा खरा लेखक कोण हे ओव्हन्सना आधीच कळले होते, तरी त्यांनी ते दाबून ठेवले, असा आरोप केला. दयेचा अर्ज हाच पुरावा म्हणून वापरला गेला, आणि तो ज्या आईच्या तोंडी होता तिच्या हातचा नव्हता. अशा दप्तरावर महाराजांना प्रस्तावना लिहून द्यायची होती.

महाराज पूर्ण निर्दोष होते, असे म्हणायला मी तयार नाही. तहाच्या पाचव्या कलमाने त्यांना परक्या सत्तेशीच नव्हे, तर आपल्या हद्दीबाहेरच्या कोणत्याही सरदार-जहागीरदाराशी सरकारला न विचारता व्यवहार करण्याची बंदी होती. शिवाजी महाराजांच्या वंशजाने आयुष्यभर कोणालाच परस्पर पत्र लिहायचे नाही, हे पाळणे शक्य नव्हते, आणि ते त्यांनी अक्षरशः पाळले असेल असे वाटत नाही. पण गोव्याला किंवा जोधपूरला एखादा निरोप जाणे वेगळे, आणि पोर्तुगालहून फौज आणवून कंपनीचे राज्य उलथण्याचा कट वेगळा. १८३८ साली खुद्द संचालकांनीच कळवले होते की ही चौकशी पुढे रेटणे म्हणजे वेळेचा अपव्यय, आणि सरकारच्या लौकिकालाही बाधक. तरी वर्षभरात कर्नाक तो कागद घेऊन साताऱ्यात हजर.

सही नाही म्हटल्यावर ५ सप्टेंबर १८३९ला पहाटेच्या अंधारात फौजेसह ओव्हन्स वाड्यात शिरले. महाराजांनी प्रतिकार केला नाही, करूही दिला नाही. पालखीत घालून त्यांना जवळच्या लिंब गावी नेले. तिथे गुरांच्या गोठ्यात ठेवले, अशी तक्रार पुढच्या अर्जांत वारंवार येते. गादीवर अप्पासाहेब बसले. डिसेंबरात महाराजांचा तांडा उत्तरेकडे निघाला. सोबत कुटुंब, चाकरमाणसे आणि स्वखुशीने हद्दपारी पत्करलेले बाळासाहेब सेनापती. बाळासाहेब काशी गाठू शकले नाहीत, वाटेतच वारले. त्यांच्या मुलाला महाराजांनी पुढे दत्तक घेतले.

काशीत अर्जांचे पर्व सुरू झाले. राजाच्या देखरेखीला कंपनीचा एक अधिकारी होता, कार्पेंटर. रीत अशी की अर्ज त्याच्या हाती द्यायचा, त्याने तो कलकत्त्याला पाठवायचा, कलकत्त्याने लंडनला. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दाद मागायची त्यांच्याच हातून ती वर जाणार. जाऊन उत्तर यायला काही महिने, आणि उत्तर बहुधा हेच, की प्रकरण संपलेले आहे. अर्जांची भाषा आर्जवी आहे; त्या काळच्या अर्जाला ती असायचीच. पण मागणी बदलत नाही. नेमणूक वाढवा, मुलखाजवळ राहू द्या, अपराध पोटात घाला, यावर ते अर्ज अडत नाहीत. निष्पक्ष चौकशी करा, दोषी ठरलो तर सोसेन, हा त्यांचा गाभा. आणि गंमत अशी की रोजच्या सहवासाने कार्पेंटर साहेबाचेच मत फिरले. राजा निर्दोष आहे असे त्याने वरिष्ठांना कळवायला सुरुवात केली. वरिष्ठांना ते रुचले नाही.

इकडे लंडनमध्ये रंगो बापूजी. कारी गावचे गुप्ते, शिवकाळातल्या रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरसप्रभू देशपांड्यांचे वंशज. महाराजांनी धाडलेल्या वकिलांपैकी यशवंतराव राजे शिर्के, भगवंतराव विठ्ठल ही मंडळी परतली; हे राहिले, १८५३च्या अखेरीपर्यंत. तिथेच इंग्रजी शिकले आणि त्या भाषेत सभांमधून बोलू लागले. त्यांना दाद मागायला जागा कोणती होती, हे समजून घेतले पाहिजे. कंपनी ही शेवटी भागीदारीची पेढी. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाउसमध्ये भागधारकांची सभा भरे. १,००० पौंडांचा भाग असेल तर एक मत, १०,००० पौंडांचा असेल तर चार. नऊ भागधारकांनी लेखी मागणी केली की खास सभा बोलवावी लागे. साताऱ्याच्या छत्रपतीचा न्याय असा शेअरबाजारातल्या माणसांपुढे मांडायचा होता, आणि रंगो बापूजींनी तो मांडला.

१८४० पासून या सभांत सातारा पुन्हा पुन्हा निघाला. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत गाजलेला वक्ता जॉर्ज थॉम्पसन महाराजांच्या बाजूने तासन् तास बोलला. संचालकांपैकी हेन्री सेंट जॉर्ज टकर यांच्यासारख्यांनी लेखी भिन्नमत नोंदवले. आणि ज्यांनी साताऱ्यात रेसिडेंट म्हणून वर्षे काढली ते रॉबर्टसन आणि लॉडविक महाराजांच्या बाजूने उभे राहिले. लॉडविक म्हणजे १८३६च्या बंद दाराआडच्या चौकशीत बसलेले तेच. चौकशी करणाऱ्यानेच आपल्या चौकशीवर अविश्वास दाखवला, तरी मोजणीत ठराव पडायचा तो पडलाच. सभेत बोलणे हा भागधारकाचा हक्क होता. संचालकांना वाकवायला तेवढे पुरत नव्हते, आणि संचालकांच्या डोक्यावर सरकारचे बोर्ड ऑफ कंट्रोल बसलेले होते.

जुलै १८४७ मध्ये जोसेफ ह्यूम यांनी प्रकरण कॉमन्स सभेत नेले. बोर्डाचे अध्यक्ष होते सर जॉन हॉबहाउस, तरुणपणी कवी बायरनचे जिवलग मित्र. महाराज पदच्युत झाले तेव्हाही बोर्डावर तेच होते, म्हणजे ते आपलाच निर्णय तपासणार होते. चौकशी मिळाली नाही. ती बातमी काशीला पोहोचल्यावर महाराज फार काळ जगले नाहीत. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी, ५४ वर्षांच्या वयात, काशीतच त्यांचा अंत झाला. सही केली असती तर काय झाले असते, याचे उत्तरही सहा महिन्यांत मिळाले. ५ एप्रिल १८४८ला साताऱ्याच्या गादीवरचे अप्पासाहेब, म्हणजे शहाजीराजे, निपुत्रिक वारले. मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता. इंग्रजांचा शब्द त्यांनी एकदाही मोडला नव्हता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तक मानावा असे लिहिले. कौन्सिलातले विलोबी, तेच १८३६चे, यांनी राज्य खालसा करण्याच्या बाजूने टिपण लिहिले. गव्हर्नर जनरल डलहौसीला हेच हवे होते. सातारा खालसा झाला, आणि दत्तक नामंजूर करून राज्य घेण्याच्या त्याच्या मालिकेतला हा पहिला मोठा घास. नागपूर १८५४ साली गेले.

रंगो बापूजींचा अर्ज आता दोन मेलेल्या भावांच्या वतीने, विधवांच्या आणि दत्तकांच्या वतीने चालू राहिला. १८५२ साली बोर्डाचे नवे अध्यक्ष हेरिस यांना उद्देशून त्यांनी छापील पत्र काढले. कर्ज वाढत गेले. अखेर कंपनीनेच पैसे देऊन त्यांना हिंदुस्थानात परत पाठवले. तेरा-चौदा वर्षांत त्यांच्या पदरी निकाल एकही पडला नाही. पण या खटपटीमुळे पार्लमेंटला सातारा प्रकरणाची कागदपत्रे छापावी लागली. गुप्त चौकशीतल्या साक्षी, ओव्हन्सचे अहवाल, गव्हर्नरांची टिपणे, सगळे उघड्यावर आले. महाराज जे कागद पाहायला मागत होते, ते शेवटी लंडनमध्ये कोणालाही मिळू लागले. आज आपण कृष्णाजी भिड्यांबद्दल दोन ओळी लिहू शकतो, त्या त्यामुळेच.

या साधनांबद्दल एक सावधगिरी. पार्लमेंटचे कागद सरकारने निवडून छापलेले, पत्रके वकिलाने लिहिलेली, आणि प्रबोधनकारांचे पुस्तक एका पेटलेल्या माणसाचे. नातूंवर त्यांनी ठेवलेला सगळा ठपका मला मोजून घ्यावासा वाटतो. घरभेदी शोधला की कर्नाक, विलोबी आणि हॉबहाउस यांचा हिशेब आपोआप हलका होतो, आणि तो हलका होऊ देण्याचे कारण नाही.

रंगो बापूजी साताऱ्याला परतले तेव्हा त्यांच्याकडे अर्ज लिहिण्याचा मार्ग उरला नव्हता. १८५७च्या जूनमध्ये साताऱ्यात उठावाची तयारी फुटली. ऑगस्टमध्ये काशीहून परत आलेल्या प्रतापसिंहांच्या राण्या आणि दत्तक पुत्र यांना पुन्हा हद्दपार केले गेले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला: पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. फाशी गेलेल्यांत सीताराम रंगो गुप्ते होते, रंगो बापूजींचे चिरंजीव. खुद्द रंगो बापूजींवर सरकारने पाचशे रुपयांचे इनाम लावले. ते कोणीही नेले नाही.